गुराबेची नाळ तिसऱ्यांदा फुटली, पण...

मागच्या वेळी म्हटलं होतं ना, आंग्र्यांच्या आरमाराच्या मॉडेलमधल्या पहिल्या गुराबेच्या (जुनं लढाऊ जहाज) फळ्या गणपतीआधी लावून टाकतो, तर बोंबललं सगळं. परवा रात्री नाळेजवळची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळची फळी वळवताना कट्‌कन आवाज, तिसऱ्यांदा! आपल्या बेळगावच्या पावसात लाकूड धड ओलं नाही धड सुकं नाही. आणि ऑनलाईन मागवलेला बाल्सा (मॉडेलसाठीचं हलकं लाकूड) असल्या वळणाला कुचकामी, दोन पाकिटं गेली, नका घेऊ. गुराबेची नाळ लांब, टोकदार, पाण्यालगत पुढं आलेली, तिच्यावरून समोर रोखलेल्या दोन तोफा, इथं पुट्टी मारून भागत नाही, लगेच दिसतंय की.

शेवटी खानापूरच्या एका बुरूड मामांना दाखवलं. काही न बोलता त्यांनी कामटी भिजवली, चिमणीच्या ज्योतीवर धरली, अंगठ्यानं सावकाश दाबत गेले, जळका वास सुटला आणि कामटी वाकली ती वाकलेलीच राहिली! घरी येऊन पाच लावल्या, एकही फुटली नाही. रात्री साडेबाराला बायकोला उठवून दाखवल्या, ती काय बोलली ते इथं लिहीत नाही.

आता प्लॅन बदललाय. डोक्यात होतं शिडं फुगवून निघालेलं आरमार. पण १२ फेब्रुवारी १७५६ ला तुळाजी आंग्र्यांची जहाजं विजयदुर्गाखाली एकमेकांना बांधून उभी होती, इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनच्या ताफ्यातला एक कुलपी (पडून फुटणारा) गोळा पडला तो 'रिस्टोरेशन'वर, म्हणजे आंग्र्यांनीच कंपनीकडून पकडलेल्या जहाजावर, आणि आग एकावरून दुसऱ्यावर पसरत सगळं आरमार खाक. मग शिडं कशाला, जहाजं बांधणारा दोरखंडच नीट वळतो. लिहिता लिहिता सुचलं, एलईडीची वायर त्या दोरातूनच नेली तर?

आणि जमिनीच्या बाजूला पेशव्यांची छावणी दाखवणारच, मित्र नको म्हणतोय तरी. तुळाजी पुण्याला जुमानत नव्हते, पेशव्यांच्या मुलखात लूट करत होते, मान्य. पण नानासाहेबांनी १७५५ ला इंग्रजांशी करार केला, एप्रिलात कंपनीच्या आरमाराच्या जेम्सनं आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग घेतला, तिथंच खेळ संपत आला होता. विजयदुर्ग पडताना तुळाजी बोलणी करायला मराठ्यांच्या छावणीत गेले ते कैदेतच राहिले. १३ तारखेला किल्ला इंग्रजांच्या हातात, पेशव्यांना द्यायचा ठरलेला, तो ऑक्टोबरात करार होऊन कोकणातला बाणकोट किल्ला पदरात पडल्यावर सोडला!

म्हणजे बेस दीड फुटाचा अडीच करायला पाहिजे, उद्या प्लायवुड बघतो. तट दिवाळीच्या किल्ल्यासारखा लाल मातीचाच. तंबूला जुनं धोतर फेविकॉलमध्ये बुडवून कुणी केलंय काय? कडक राहतंय का?