गिअरबॉक्सचं तेल घरीच बदललं : माझा अनुभव

तुळजापूरचा घाट चढताना दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यात जाताना गाडीनं झटका दिला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. गाडी २०१२ची होंडा सिटी, पाच गिअरची ऑटोमॅटिक, जुनी विकत घेतलेली. एका गॅरेजमध्ये विचारलं तर म्हणाले, ऑटोमॅटिकचं तेल आयुष्यभर चालतं, हात लावू नका. मला ते पटेना. घरी गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी दाखवणारी काडी (डिपस्टिक) काढून पाहिली तर तेल काळपट तपकिरी. नवं तेल लालभडक असतं. जळका वास मात्र नव्हता. तो असता तर आतल्या क्लच प्लेटा गेल्याची शंका असते, मग मी स्वतः हातच घातला नसता.

शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांचं पहिलं वाक्य, "पाना ठेव खाली. तेल कुठलं आणलास ते दाखव की आधी." डब्यावर ‘एटीएफ डीडब्ल्यू-१’ (एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) वाचलं तेव्हाच ते खाली बसले. होंडाच्या या गिअरबॉक्सला पूर्वी झेड-१ चालायचं, त्याच्या जागी डीडब्ल्यू-१ आलं. सीव्हीटी म्हणजे ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक; त्याचं तेल वेगळं असतं, ते यात चालत नाही. दुकानदार "सगळं एकच हो" म्हणाला तरी ऐकू नका.

रविवारी सकाळी गाडी दहा मिनिटं जुळे सोलापुरात फिरवून आणली, म्हणजे तेल पातळ होतं. मागच्या चाकांना दगड लावले, पुढून जॅकनं उचलून दोन घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली काकांनी मला हातसुद्धा घालू दिला नाही.

इथं एक नीट बघा. खाली इंजिन ऑइलचाही बोल्ट असतो. त्याला नेहमीचं षटकोनी डोकं असतं. गिअरबॉक्सच्या बोल्टला चौकोनी भोक असतं, त्यात तीन अष्टमांश इंचाचा रॅचेट पाना सॉकेट न लावता थेट बसतो. घाईत दुसराच बोल्ट उघडून इंजिन ऑइल सांडलेले लोक कमी नाहीत. बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर काळी, लोण्यासारखी मऊ पेस्ट जमली होती. ती चालते. टोचणारे कपचे निघाले असते तर काम तिथंच थांबवायचं, असं काकांनी आधीच बजावलं होतं.

घमेल्यातलं तेल लिटरच्या बाटल्यांत भरून मोजलं : २.४ लिटर. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) राहतं, म्हणून एकदा बदलून भागत नाही. एका खेपेला साधारण ४० टक्के तेल नवं होतं असं धरलं, तर तीन खेपांनंतर ७८ टक्क्यांच्या आसपास. बोल्टला नवा वॉशर घातला, टॉर्क रेंचनं (ठरवलेल्या जोरानंच आवळणाऱ्या पान्यानं) ४९ न्यूटन-मीटरवर आवळला आणि काडीच्याच नळीतून लांब नरसाळ्यानं मोजून २.४ लिटर भरलं.

चूक झाली ती यानंतर. गाडी खाली घेतली, इंजिन जेमतेम मिनिटभर चालवलं आणि काडी पाहिली. तेल खालच्या खुणेच्याही खाली! मी घाबरून पाव लिटर आणखी ओतलं. काका चहा पिऊन आले आणि चिडले. हे तेल तापल्यावर फुगतं. ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबायचं, मग पार्कमध्ये रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं, बंद करायचं आणि एक ते दीड मिनिटाच्या आत काडी पाहायची. तसं पाहिलं तर तेल वरच्या खुणेच्या पुढे गेलेलं. जास्त तेलाला फेस येतो, दाब नीट बसत नाही. मग सिरिंजला बारीक नळी लावून काडीच्या वाटेनंच थोडं थोडं ओढून काढलं. अर्धा तास त्यातच गेला.

काडी पुसायला काय वापरायचं, हेही आपल्याकडं मुद्दाम सांगायला हवं. सोलापुरात घरोघरी टेरी टॉवेलच्या चिंध्या असतात, मीही तीच उचलली होती. तिचे तंतू सुटतात, काडीला चिकटून गिअरबॉक्समध्ये जातात आणि आतल्या बारीक वाटांत अडकू शकतात. जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा चांगला.

पुढच्या दोन खेपा दर रविवारी केल्या, मधल्या आठवड्यात गाडी रोजच्यासारखी वापरली. दुसऱ्या वेळचं तेल गडद लालसर, तिसऱ्या वेळचं बरंच उजळ, चुंबकावर जेमतेम पातळ थर. तिसऱ्या खेपेनंतर काकांना शेजारी बसवून तुळजापूरला गेलो. घाटात ते एक शब्द बोलले नाहीत, कान गिअरबॉक्सकडं. गाडी तिसऱ्यात गेली ते मला कळलंही नाही. वर पोचल्यावर म्हणाले, "आता बरोबर आहे बघ."

जुनं सात लिटरभर तेल झाकणं घट्ट लावून, जिथून पुनर्प्रक्रियेला जातं त्या गॅरेजमध्ये दिलं. बॉनेटच्या आत तारीख आणि किलोमीटर लिहिलेत.