मागचे लायनर

आमची टाटा ४०७, म्हणजे छोटा मालट्रक, दादांनी जुनी घेतली तेव्हाच तिचं मागचं हाउसिंग (मागच्या चाकांचा आस आणि ब्रेक ज्यावर बसतात तो भाग) बदललेलं होतं. कुठल्या गाडीचं, ते विकणाऱ्यालाही सांगता आलं नव्हतं. परवा सोयाबीन भरून मांजरसुंब्याचा घाट उतरताना ब्रेकचा पाय खाली खाली जायला लागला, जळका वास सुटला. दुसऱ्या गिअरवर कशीबशी उतरवली.

आज बीडमध्ये दुपारपर्यंत दुकानं फिरलो. आरसी बुक बघून दिलेले लायनर (चाकाच्या ड्रमला आतून दाबणाऱ्या ब्रेक शूवरचे पट्टे) रुंदीला कमी, रिव्हेटची भोकंही जुळेनात. एक जण म्हणाला, घासून बसवून देतो. मी सरळ नाही म्हणालो. बॉडीत जुगाड चालेल, ब्रेकमध्ये नाही.

शेवटी आमच्या मिस्त्रीचाचांनी ड्रम उतरवला, धूळ पुसली, व्हर्नियर लावून आतला व्यास मोजला. "कागद नको बघू बेटा, जुना शूच घेऊन जा." तो हातात धरून गेलो, तर पोटमाळ्यावरून बरोब्बर जोडी निघाली! दोन्ही बाजूंचे लायनर बदलले, ब्रेक सिलिंडरची रबरं नवी टाकली, ड्रम लेथवर साफ करून घेतले. चाचा खाली नट ढिला करून ब्रेकच्या नळीतली हवा काढत होते, मी वर बसून पॅडल मारत होतो.

दिवेलागणीला पॅडल पायाला घट्ट लागलं. पहिला फोन आईला केला.