तुम्ही विचारलंत म्हणून : रोज एक फोटो, वर्षभर

प्रश्न नेहमी एकाच वळणाचा असतो. ‘रोज एक फोटो काढायचं ठरवलं, पंधरा-वीस दिवस जोरात झालं, मग विषयच संपले. घर तेच, ऑफिसचा रस्ता तोच. लोक वर्षभर काढतात तरी काय?’ आणि त्याला जोडून, जरा हळू आवाजात : ‘मोबाइलवर केलं तर चालेल ना?’

दुसऱ्याचं उत्तर छोटं आहे, ते आधी. चालेल. फक्त लेन्स आधी सुती कापडाने पुसा. रात्रीच्या फोटोत दिव्याभोवती जे धुकट वलय किंवा तिरकी रेघ दिसते, ती बहुतेक वेळा बोटाच्या तेलाची करामत असते.

पहिल्याचं उत्तर लांब आहे. विषय संपत नाहीत हो. रात्री साडेदहाला पलंगावर पडून ‘काय काढू, कधी काढू, कशाने काढू’ हे तीन प्रश्न सोडवायचा कंटाळा येतो. त्यातले ‘कधी’ आणि ‘कशाने’ पहिल्याच दिवशी निकालात काढायचे, म्हणजे रोज एकच उरतो. आणि त्या एकासाठी पुस्तकं आणि सिनेमे आहेत. त्यांच्याकडे येतोच.

‘कशाने’ म्हणजे एक महिना एकच लेन्स. मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटरचा, म्हणजे बराच रुंद असतो. दीड फुटावरून माणसाचा चेहरा काढलात तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसणार. ग्रुप फोटोत कडेला उभी असलेली मावशी आहे त्याहून रुंद दिसणार. चेहऱ्यांचा महिना असेल तर २एक्स (दुप्पट झूम) लावा आणि चार-पाच फूट मागे उभे राहा. वस्तू, रस्ते, खोल्या असतील तर १एक्स. मागचं सगळं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो चष्म्याच्या काड्या आणि केसांच्या बटा खातो. महिनाभर एकच लेन्स वापरली की फोन खिशातून काढण्याआधीच पाय योग्य अंतरावर जाऊन थांबतात.

क्लिकसुद्धा मोजून. न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंगस्टन या फोटोग्राफरने ३१ मार्च १९७९ पासून २५ ऑक्टोबर १९९७ पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या दिवसापर्यंत, रोज एक पोलरॉइड, म्हणजे कॅमेऱ्यातूनच छापून बाहेर येणारा फोटो, काढला. त्याच्या कॅमेऱ्याच्या पॅकमध्ये दहाच फोटो यायचे. बटण दाबलं की एक खर्ची पडला. मोबाइलला तो धाक नाही, म्हणून आपणच घालून घ्यायचा : दिवसाला तीन क्लिक, चौथा नाही. चाळीस काढलेत तर रात्री त्यातून एक निवडत बसावं लागतं, आणि उपक्रम बुडतो तो नेमका तिथे.

आता ‘कधी’. १ जानेवारीला सुरू करू नका. पुण्यात जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सातच्या पुढे उगवतो आणि सव्वासहाच्या आत मावळतो. नोकरीवाला माणूस घरी येतो तेव्हा अंधार पडलेला, मग पहिले पंधरा फोटो ट्यूबलाइटखालचे. तिथेच हौस फिटते. मार्चअखेरीस सुरू केलंत तर पावणेसातपर्यंत उजेड असतो आणि तो दर आठवड्याला थोडा वाढत जातो. पाडव्याचा मुहूर्त त्या दृष्टीने चांगला आहे, फक्त पाडवा ते पाडवा मोजू नका : चांद्रवर्ष ३५४-३५५ दिवसांचं असतं आणि अधिक महिना आला तर ३८४च्या आसपास जातं. ‘३६५’ पुरे करायचे तर तारीखच धरावी लागते.

दिवसातला एक तास ठरवून टाका. सकाळच्या चहाचा तास सर्वांत सोयीचा, कारण आपण जागे असतो, घर आवरलेलं नसतं आणि उजेड तिरका असतो. फोटोग्राफीच्या पुस्तकांत एक वाक्य हमखास असतं, की उत्तरेच्या खिडकीतला प्रकाश दिवसभर सारखा राहतो. ते वाक्य युरोपातून आलंय. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य भर दुपारीसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतून चक्क ऊन आत येतं. या काळाच्या दोन्ही टोकांना एकेक दिवस शून्य सावलीचा. मेमधल्या दिवशी साडेबाराच्या सुमारास बाटली, खांब, स्टूल, काहीही उभं ठेवा, सावली पायाखाली गुडुप. जुलैचा दिवस बहुधा ढगात जातो. एरवी दुपारचं ऊन चेहऱ्यांना वाईट, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. पण त्या एका दिवसाचा फोटो दुपारीच काढायचा.

एक फोटो सविस्तर सांगतो, म्हणजे बाकीचे आपोआप कळतील. खिडकीतला चहाचा स्टीलचा पेला. पेला खिडकीपासून फूटभर अंतरावर ठेवा. तीन फुटांवर नेलात तर उजेड निम्म्याहून पुष्कळच कमी होतो आणि फोटोत दाणे येतात. तुम्ही खिडकीसमोर नको, बाजूला उभे राहा, म्हणजे उजेड पेल्याच्या मागून-बाजूने येईल. वाफ फक्त तेव्हाच दिसते. मागे काहीतरी गडद हवं : लाकडी कपाटाचं दार, गडद साडी, काळी चादर. पांढऱ्या भिंतीपुढे वाफ असून नसल्यासारखी. घट्ट चहा असेल आणि सकाळ गार असेल तर वाफेला मिनिट-दोन मिनिटं मिळतात, तेव्हा आधी रिकामा पेला ठेवून फ्रेम लावून घ्या आणि मग चहा ओता. फोकस पेल्याच्या काठावर धरून बोट दाबून ठेवा म्हणजे तो लॉक होतो. मग पडद्यावर दिसणारी उजेड कमी-जास्त करायची पट्टी थोडी खाली ओढा, नाहीतर स्टीलवरची चमक जळून पांढराफटक डाग उरतो. पेल्यात तुमचाच लाल टी-शर्ट वाकडातिकडा दिसतोय? कॅमेऱ्याच्या बाजूला कोरा कागद उभा धरा, स्टील त्याचा पांढरा रंग उचलतं. फोन फार जवळ नेऊ नका. मोठ्या सेन्सरच्या नव्या फोनांना वीतभर अंतराच्या आत फोकसच होत नाही, आणि फोनची सावली पडते ती वेगळीच. मागे सरका, नंतर क्रॉप करा.

पट्टी खाली ओढायची की वर, याचं उत्तर रंगात असतं. कॅमेरा प्रत्येक दृश्य मध्यम करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतो. त्यामुळे चुना दिलेली भिंत, दुधाचं पातेलं, पांढरं धोतर मळकट येतं. तिथे पट्टी वर. काळ्या पाषाणाचं देऊळ, तवा, रात्रीचा रस्ता उगाच फिकट येतो, तिथे खाली.

पुस्तकांचा उपयोग इथे सुरू होतो. विषयांच्या तयार याद्या मिळतात, ‘आनंद’, ‘मैत्री’, ‘स्वप्न’ असल्या. त्या फेकून द्या. ‘आनंद’ म्हटलं की सगळ्या जगाचा हात फुलाकडे जातो. त्याऐवजी सध्या वाचताय त्या पुस्तकाचं कुठलंही पान उघडा आणि हाताला लागेल अशा वस्तूचं किंवा जागेचं पहिलं नाम उचला. मराठी पुस्तकं या बाबतीत श्रीमंत आहेत. ‘वळचण’ मिळाली तर पावसाची गळणारी कड काढायची. ‘उंबरठा’ मिळाला तर चपलांच्या उंचीवर खाली बसावं लागतं, आणि बसल्यावर घर वेगळंच दिसतं. ‘कोनाडा’ फ्लॅटमध्ये नसतो. मग किल्ल्या, औषधं आणि लाइट बिल ज्या जागी साठतं ती जागा काढा, आजचा कोनाडा तोच. माझा आवडता शब्द ‘दिवेलागण’, कारण तो विषयाबरोबर वेळही देतो. सूर्यास्तानंतर साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी बाहेरचं निळं आकाश आणि खिडकीतला पिवळा दिवा जवळजवळ तोलात येतात. आधी काढलात तर दिवा फिका, नंतर काढलात तर आकाश काळं. हातात जेमतेम दहा मिनिटं असतात.

पुस्तकाचाच फोटो काढायचा असेल तर गुळगुळीत कव्हरवर दिव्याचा चट्टा येतो. दिवा आणि कॅमेरा एकाच बाजूला असले की तो येणारच. दिवा पुस्तकाच्या कडेला, तिरका ठेवा आणि फोन बरोबर वरून धरा. जुन्या पानांना मात्र उजेड अगदी आडवा द्या, जवळजवळ पानाला घासून. मग कागदाच्या सुरकुत्या आणि जुन्या छापखान्यातल्या खिळ्यांनी (धातूच्या अक्षरांनी) छापलेल्या मजकुराचे दाब वर येतात.

सिनेमाचा अभ्यास आठवड्यातून एकदा पुरतो. आवडत्या सिनेमातला एक क्लोजअप थांबवा आणि दोनच गोष्टी पाहा : डोळ्यातला उजेडाचा ठिपका कुठे आहे आणि नाकाची सावली कुठे पडलीय. ठिपका वर डावीकडे, सावली खाली उजवीकडे, म्हणजे दिवा वर-डावीकडे. ठिपका मोठा आणि चौकोनी असेल तर खिडकी किंवा दिव्यापुढे धरलेला मोठा पांढरा पडदा. बारीक असेल तर उघडा दिवा. आता तेच घरी करा. टेबल लॅम्प चेहऱ्यापासून हात-दीड हात अंतरावर, डोळ्यांच्या वर, बाजूने तिरका. मधे स्वयंपाकघरातला बटर पेपर धरा. दिवा एलईडीच हवा, जुन्या बल्बच्या उष्णतेने कागद करपतो. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरा आणि जवळ-लांब नेत सावली किती गडद ठेवायची ते ठरवा. दूरच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उमटला की बरोबर जमलं. खोलीतली ट्यूब बंद करायला विसरू नका. लोक ती चालू ठेवतात आणि मग ‘सिनेमासारखं येत नाही’ म्हणतात.

घरात पळणारं मूल किंवा मांजर काढायला प्रो मोडमध्ये, म्हणजे सगळं हाताने ठरवायच्या मोडमध्ये, शटरचा वेळ १/५०० सेकंद केला की दिव्याखाली आडवे काळपट पट्टे येतात. फोन बिघडलेला नसतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा उजळतात-मंदावतात. दिव्याखाली १/१०० किंवा १/५० ठेवा, १/५०० च हवं तर पोराला खिडकीच्या उजेडात बोलवा. पावसाच्या रेघा हव्यात तर साधारण १/६०, थेंब थिजवायचा तर १/१०००. दोन्ही वेळा मागे गडद आणि उजेड पलीकडून. फ्लॅश मारलात तर जवळचे थेंब पांढरे गोळे होऊन बसतात. ज्यांच्याकडे वेगळा कॅमेरा आहे त्यांनी जून ते सप्टेंबर तो कापडी बॅगेत ठेवू नये, लेन्सच्या आत बुरशी धरते. हवाबंद डबा आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या पुरे. एसीतून बाहेर आल्यावर काच धुरकटली तर ती पुसत बसू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा.

तरीही एखादा महिना कोरडा जातोच. त्यासाठी फाळक्यांची युक्ती. दादासाहेबांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, कुंडीतल्या वाटाण्यापुढे कॅमेरा मांडून ठरावीक अंतराने फ्रेम घेतल्या आणि ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फिल्म केली. तुम्ही मेथी पेरा. फोनला जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा टेकू म्हणून ठेवा, गठ्ठ्याच्या आणि कुंडीच्या चारी कोपऱ्यांना चिकटपट्टीच्या खुणा करा, रोज त्याच वेळी एक फोटो. फ्रेमचा वरचा दोन तृतीयांश भाग पहिल्या दिवशी रिकामा सोडा, नाहीतर दोन आठवड्यांत रोप बाहेर जातं. सेकंदाला १२ फोटोंच्या वेगाने महिन्याचे होतात अडीच सेकंद. फार नाही, पण महिनाभर ‘काय काढू’ हा प्रश्न पडत नाही.

दिवस चुकला तर? चुकला. दुसऱ्या दिवशी दोन काढून भरपाई करू नका. त्या तारखेच्या जागी कारण लिहा : ‘ताप’, ‘प्रवास’, ‘विसरलो’. सलग तीन चुकले तर रोजचा नाद सोडून आठवड्याला एक, असे ५२ करा. त्यात कमीपणा नाही. मला तर साठीच्या पुढच्या मंडळींना ५२ च जास्त जमतात असं वाटतं, कारण ती एका फोटोसाठी तीनदा त्याच जागी जातात.

फाइलला नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या, २०२६-०३-१९ असं, म्हणजे यादी आपोआप तारीखवार लागते. पुढे एक ओळ लिहा, भावनेची नको, माहितीची : ‘स्वयंपाकघर, स. ७.४०, पाऊस नुकताच थांबलाय, कादंबरीचं पान ११२’. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेली प्रत जपून उपयोग नाही, ती दाबून लहान केलेली असते आणि काढल्याची तारीखही त्यातून जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. १२ मेगापिक्सेलचा एक फोटो साधारण चार एमबी, म्हणजे वर्षाचे दीड जीबी. एवढे दोन ठिकाणी सहज राहतात.

आणि महिन्याला एक तरी फोटो छापून घ्या. चार बाय सहा इंचांना १८०० बाय १२०० पिक्सेल भरपूर होतात, तेव्हा बराच क्रॉप केलेला फोटोही चालतो. अडचण आकाराची असते. फोनचा फोटो ४:३ आणि चार बाय सहाचा कागद ३:२, त्यामुळे मशीन वरखालचा मिळून नववा हिस्सा कापतं आणि आजोबांची टोपी जाते. लॅबवाल्याला आधीच सांगा : ‘पूर्ण फोटो, पांढरी बॉर्डर सोडून.’