चार पेन्सचं तिकीट

परवा दुपारी माळ्यावर कुकरची जुनी शिट्टी शोधत होते, हाताला लागला तिकिटांचा अल्बम. मग कसली शिट्टी! तिथेच फरशीवर बसकण मारली.

इंग्लंडच्या पानावर १९६७चं चार पेन्सचं तिकीट आहे. राणी एवढीशी, बाकी सगळी फुलांची दाटी. भोंग्यासारखं पांढरं फूल, आपल्या गारवेलीच्या कुळातलं, आणि त्याला खेटून निळे तुरे. शेजारच्या काकूंचा मुलगा तेव्हा लंडनला होता. त्याच्या पाकिटांवर गल्लीतल्या समस्त पोरांचा डोळा, पण काकूंचा दळणाचा डबा गिरणीत पोचवत असल्यामुळे वशिला माझा. तिकिटाभोवतीचा कागद कापायचा, ताटलीत पाण्यात सोडायचा आणि तिकीट आपणहून सुटेपर्यंत गप्प बसायचं. गप्प बसायचं, असं आई म्हणायची. मी मिनिटा-मिनिटाला नखाने टोकरून बघायचे.

ही फुलं कुणा सरकारी चित्रकारानं काढली असतील, अशी माझी कित्येक वर्षं समजूत. निघाला एक पाद्री! विल्यम कीबल मार्टिन. हयातीतली बरीच वर्षं इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या गावांमध्ये काढलेला, आणि तिकीट निघालं तेव्हा वय वर्षं ८९.

बुवांनी १८९९पासून रानफुलं रंगवायला घेतली. आपल्या बेटावरचं झाडन्‌झाड कागदावर उतरवायचं, असा एकूण बेत. पुस्तक छापून आलं १९६५ साली. शंभर रंगीत पानं, चौदाशेवर वनस्पती. एकेका पानावर इतक्या जणी, की विरार लोकलचा महिलांचा डबाच. हिच्या देठाआडून तिची कळी डोकावतेय, तिच्या पानावर हिची शेंग टेकलेली. पण चेंगरलेली एकही नाही.

मला आपलं उगाच दिसतं ते असं : टेबलावर पेल्यात रानातून आणलेलं फूल, पाकळ्या मिटायच्या बेतात, आणि नेमकी तेव्हाच दारावर थाप. कुणीतरी गेलंय, चला. परत येईतो फुलानं मान टाकलेली. म्हणजे पुढच्या वर्षी त्याच सुमारास पुन्हा त्याच कुंपणापाशी जाणं आलं. खरंच असं किती वेळा झालं असेल, देव जाणे. त्यांना तर देवही जवळचा.

मधेच त्यांना म्हणे स्वप्नात एक चर्च दिसलं, तीन दालनं तिरकी येऊन एका जागी मिळतात असं. वास्तुविशारद भावाला सांगितलं, त्यानं आराखडा काढला आणि डेव्हनमधल्याच मिल्बरला तसं चर्च उभंही राहिलं. स्वप्नं मलाही पडतात, पण बहुतेक गाडी चुकल्याची.

माझ्याकडे वह्या आहेत. ‘अंगणातली झाडं’, ‘आजीच्या पाककृती’, ‘पक्षी (खिडकीतून)’. सगळ्यांचं पहिलं पान अतिशय सुवाच्य. पक्ष्यांच्या वहीत तर दोन नोंदी आहेत, दोन्ही कावळ्याच्या.

शिट्टी काही सापडली नाही. अल्बम वर ठेवण्याआधी ते तिकीट चिमट्यानं काढून उजेडात धरलं. रंग अजून छान आहेत. डावा कोपरा तेवढा विरलाय, नखाच्या आकाराचा. पाण्यात अजून पाच मिनिटं राहू दिलं असतं तर.