लोढणं, लेट आणि तारीख: चौथ्या महिन्याची नोंद

मागच्या वेळी 41 कार्डांवर घोडं अडलं होतं. आज 63. नव्या मंडळींसाठी थोडक्यात: रोजच्या इंग्रजीत अडवणं, रोखणं, रखडवणं यासाठी जे शब्द येतात त्यांची मुळं खणायची. एका कार्डावर एक शब्द, पाठीमागे आपल्याकडचा जोडीदार.

आधी तीन डब्यांचा बेत मोडला, ते सांगतो. अडथळ्याचा एक, उशिराचा एक, बंधनाचा एक असे बिस्किटांचे रिकामे डबे मांडले होते. पण 'स्टे' कुठल्या डब्यात टाकायचा? मी बेळगावात कोर्टाबाहेर टायपिंग करतो, दिवसातून दहादा हा शब्द बोटांखालून जातो. तो बंधनही आणि उशीरही. आठवडाभर ते कार्ड टेबलावरच लोळत होतं. आता वाटणी वेगळ्या प्रश्नावर केली आहे: मुळात बांधलं काय होतं, किंवा वाटेत आडवं काय होतं? पायाचा डबा, गळ्याचा डबा, वाटेचा डबा. उरलेल्यांसाठी एक पिशवी.

पायाचा डबा भराभर भरला. 'इम्पीड'च्या पोटात लॅटिनमधला पाय आहे, म्हणजे पाय अडकवणं. 'एक्स्पेडाइट' म्हणजे तोच पाय सोडवणं. आपला 'पायबंद' हुबेहूब तसाच, घोड्याचे पाय बांधायची दोरी. 'फेटर' ही बेडीही पायावरूनच आलेली. अर्जात 'काइंडली एक्स्पेडाइट' टाइप करताना हल्ली मला पागेतलं घोडं दिसतं, आणि पक्षकार समोर बसून घाई करत असतो.

गळ्याच्या डब्यासाठी मात्र खानापूर तालुक्यात मामांच्या गोठ्यापर्यंत जावं लागलं. 'क्लॉग' म्हणजे मोरी तुंबणं, पाइप चोंदणं, एवढंच मला ठाऊक होतं. मुळात तो लाकडाचा ठोकळा: जनावर पळू नये म्हणून त्याच्या पायाला किंवा गळ्याला बांधायचा. तिथून कुठल्याही अडथळ्याला, आणि मग मोरीला. लाकडी तळव्याच्या जोड्यालाही त्या ठोकळ्यावरूनच 'क्लॉग' म्हणतात. हे वाचल्याबरोबर मामांना फोन केला, 'आपल्याकडं लोढणं असायचं ते आहे काय अजून?' मामा म्हणाले, 'आहे की, गोठ्यात वर खोचून ठेवलंय. तुला कशाला रे?'

खाली काढलं तर हात-दीड हात लांबीचा ओंडका, एका टोकाला आरपार भोक, भोकाच्या कडा दोरानं घासून गुळगुळीत झालेल्या. मधोमध गुळगुळीत नव्हतं, तिथं बारीक ठेचल्यासारखे वळ होते. मामांनी गळ्याशी धरून दाखवलं: लोढणं पुढच्या दोन पायांच्या मध्ये लोंबतं, जनावर चाललं तर काही नाही, पळालं की ओंडका गुडघ्यांवर आदळतो. ते वळ गुडघ्यांचे. 'ओढाळ गुराला दावं पुरत नाही,' मामा म्हणाले, 'त्याला चरायला मोकळं तर सोडलं पाहिजे, पण लांब जाता कामा नये.' कुठल्याही शब्दकोशात मला 'क्लॉग'ची इतकी नेमकी व्याख्या मिळाली नव्हती. कार्डामागे तीच लिहिली आहे.

आता या महिन्यातली माझी फजिती. आपल्या पासपोर्टात राष्ट्रपतींच्या नावानं जी विनंती छापलेली असते, तिच्यात पासपोर्टधारकाला 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' जाऊ द्यावं असं आहे. 'लेट' म्हणजे जाऊ देणं, मग 'जाऊ न देता' कसं जाऊ देणार? मी ती छपाईची चूक समजत होतो, आणि तसं दोघा-तिघांना ऐटीत सांगितलंही होतं. ती चूक नाही. जुन्या इंग्रजीत दोन निराळी क्रियापदं होती, एक जाऊ देण्याचं, एक अडवण्याचं. बोलता बोलता दोघांचा उच्चार एक झाला. अडवणारं 'लेट' वापरातून गेलं, फक्त अशा कागदांत आणि टेनिसमध्ये उरलं. सर्व्हिस जाळीला लागून पलीकडं पडली की पंच म्हणतो ते हेच. गंमत म्हणजे हे 'लेट' आणि गाडी 'लेट' होते ते एकाच कुळातले. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ते वेगळे दिसतात, देवनागरीनं दोघांना परत एका घरात आणलं.

हसू नका, आपल्याकडं 'हरकत' आहेच. अरबीत हरकत म्हणजे हालचाल. मराठीत आल्यावर ती हालचाल थांबवायला उठली.

'स्टिमी' गोल्फमधला: भोकाच्या वाटेत दुसऱ्याचा चेंडू पडलेला, आणि तो उचलायचा नाही. 1952 मध्ये नियमच काढून टाकला, शब्द राहिला, कोंडी करणं या अर्थानं. 'क्वारंटाइन'चे चाळीस दिवस सगळ्यांना पाठ आहेत, पुढं जाऊ.

'अ‍ॅडजर्न'नं, म्हणजे कोर्टातल्या तहकुबीनं, मात्र दिवस सत्कारणी लावला. फ्रेंचमधून आलेला, मूळ अर्थ अमुक एका दिवसावर नेणं. म्हणजे आमच्या दारातला माणूस 'तारीख पडली' म्हणतो तेव्हा तो शब्दशः भाषांतर करत असतो. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. दाव्याला दावं कुणी बांधलं, असा विनोद आमच्याकडं चहाबरोबर होतो.

शेजारच्या टेबलावरचे कन्नड टायपिस्ट या छंदात आता अर्धे भागीदार आहेत. 'स्टे'ला ते 'तडेयाज्ञे' लिहितात. तडे म्हणजे अडथळा, आणि तड म्हणजे उशीर: 'तड माडबेड', उशीर करू नको. अडथळा आणि उशीर एकाच मुळावर, 'लेट'सारखेच. माझे तीन डबे का मोडले, ते तेव्हा समजलं.

63 वं कार्ड परवा हुबळीच्या बसमध्ये लिहिलं. नॉनस्टॉप गाडी, काचेवर कन्नडमध्ये 'तडेरहित'. हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर पुढच्या टेम्पोचा फास्टॅग वाचला जाईना आणि आमची तडेरहित गाडी उभी. समोर आडवा दांडा. 'बॅरिअर' त्या दांड्यावरूनच, 'बार'वरून. आमच्या वकिलांचा 'बार'ही तोच: कोर्टातला लाकडी कठडा. मागच्या बाजूला 'आडकाठी' लिहीपर्यंत दांडा वर गेला, त्यामुळे 'काठी' जरा वाकडी आली आहे.