आपल्याकडे असते तसे

माद्रिद, रविवार, रात्रीचे साडेअकरा

"आई, तू येऊन दोन आठवडे झाले, पण तू अजून इथं आलीच नाहीस." धाकटीचे हे वाक्य काल दुपारपासून चपलेत शिरलेल्या खड्यासारखे टोचत आहे. ती चिडून बोलली असती तर मीही चिडले असते आणि विषय तिथेच मिटला असता. ती हसत बोलली, माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलली, त्यामुळे मला उत्तरही देता आले नाही.

चूक माझीच आहे, असे म्हणायला जागा आहे. काल आम्ही गेलो ते सिग्वेन्सा हे माद्रिदहून आगगाडीने दीडेक तासावरचे, पाच हजारही वस्ती नसलेले जुने गाव. (धाकटी 'सिग्वेन्था' म्हणते, माझी जीभ आता तशी वळणार नाही.) स्टेशनातून बाहेर पडून चढ चढेपर्यंत मी तीन गोष्टी आपल्याकडच्या गोष्टींना जुळवून दाखवल्या होत्या. वर किल्ला आणि खाली उतारावर घरे पाहून एक गाव आठवले, कमानींच्या चौकात भरलेला बाजार पाहून दुसरे. कॅथेड्रलच्या दर्शनी बाजूचे दोन दणकट, दंतूर माथ्याचे बुरूज पाहून तर मी, "हे देऊळ आहे की गढी?" असे विचारूनही मोकळी झाले. हा शेवटचा प्रश्न फारसा चुकीचा नव्हता, असे मला अजूनही वाटते. बाराव्या शतकात, गाव मुसलमान सत्तेकडून नुकतेच जिंकून घेतलेले असताना ज्यांनी ही वास्तू उभारली, त्यांना प्रार्थना आणि बचाव या दोन्हींची सोय हवी होती. १९३६ च्या यादवी युद्धात तर माणसे खरोखरच आत कोंडून घेऊन लढली आणि बाहेरून तोफा डागल्या गेल्या. त्या माऱ्याच्या खुणा बुरुजांच्या दगडावर अजून दिसतात.

पण ठिणगी पडली ती आत, दोन्सेलच्या समाधीपाशी. दोन्सेल म्हणजे मार्तिन वास्केस दे आर्से, १४८६ मध्ये ग्रानादाच्या लढाईत, पंचविसाव्या वर्षी मारला गेलेला सरदारपुत्र. बापाने त्याचा देह रणातून मिळवला, असे समाधीवरच्या लेखात कोरलेले आहे, आणि त्याच दालनात मधोमध आईबापांची समाधी आहे. अशा समाध्यांवर एरवी हात जोडून, डोळे मिटून उताणा निजलेला माणूस असतो. हा पोरगा मात्र चिलखत अंगावर असताना, छातीवर तांबडा क्रूस असताना, एका पायावर दुसरा पाय टाकून, कोपरावर रेलून चक्क पुस्तक वाचत आहे. पायाशी एक लहानगा सेवक दुःखात बसलेला आहे, त्याच्याकडे याचे लक्ष नाही. हे सगळे अलाबास्टरच्या दगडात कोरलेले असूनही उघड्या पुस्तकाची पाने पातळ वाटतात, आणि पुढच्या क्षणी हा पान उलटेल म्हणून आपण थांबून राहतो.

कोपरावर रेलून वाचणारा माणूस मी पस्तीस वर्षे रोज रात्री... असो.

तर मी तिथे बराच वेळ उभी होते आणि काहीतरी बोलणे भाग होते, म्हणून वीरगळींवर बोलू लागले. आपल्याकडे वीरगळीत खालच्या चौकटीत लढाई असते, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेत असतात, त्यावर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो, आणि अगदी माथ्यावर चंद्रसूर्य. इथे पाहा, लढाईचा मागमूस नाही, सगळी चौकट पुस्तकालाच दिली आहे. मला वाटले, मी चांगले बोलत आहे. त्यावर ते वाक्य आले.

नंतर सॅक्रिस्टीचे, म्हणजे पाद्र्यांची वस्त्रे आणि पूजेची भांडी ठेवायच्या दालनाचे, छत पाहिले. त्या कमानदार छतावर तीनशेहून अधिक मुंडकी कोरलेली आहेत, प्रत्येकाचा चेहरा निराळा. एरवी मी तासभर मान वर करून उभी राहिले असते, पण काल त्या तीनशे चेहऱ्यांतला प्रत्येक जण मलाच विचारत होता, "बाई, तुम्ही आलात का?" पुढे किल्ल्यावर गेलो. तिथे आता सरकारी हॉटेल आहे, आणि कधीकाळी ब्लांका दे बोर्बोन या राणीला तिथे डांबून ठेवले होते; १३५३ साली लग्न होऊन काही दिवसांतच नवऱ्याने टाकलेली, परमुलखातून आलेली पोर. मला आमच्या एका आत्याची आठवण झाली आणि मी कॉफीच्या घोटाबरोबर ती गिळून टाकली. साठी उलटलेल्या बाईने नवे डोळे कुठून आणायचे, असा एक रडका विचार मनात आला आणि रात्री उशीवरही तोच होता. माझ्याजवळ मोजायला एकच माप आहे. ते घरी ठेवून यायचे होते, हे तिकीट काढताना कोणी सांगितले नाही.

आज सकाळी टॅक्सीने पेलेग्रीनाला गेलो. उंचावर पडका किल्ला, त्याच्या अंगाखांद्यावर चार घरे आणि खाली दुल्से नदीची घळ. दुल्से म्हणजे गोड. तुलनेचा एक शब्द काढायचा नाही, असे मी दात घासतानाच ठरवले होते. पायवाट नदीच्या कडेकडेने जाते, पॉप्लरच्या सावलीतून, आणि दोन्ही अंगांना चुनखडीचे पिवळसर, तांबूस कडे उभे आहेत. ज्या धबधब्याची पाटी होती तो कोरडा होता. नुसता काळा ओघळ दगडावर उरला होता. मी पाहत होते, चालत होते, गप्प होते. पाऊण तासाने धाकटी थांबली आणि म्हणाली, "रुसलीस का?"

म्हणजे बोलले तर मी इथे नाही, आणि न बोलले तर रुसलेली. मला एकदम हसू आले आणि ते आवरेना. ती बिचारी पाण्याची बाटली हातात धरून पाहतच राहिली.

परतताना टॅक्सी वरच्या रस्त्यावरच्या कठड्यापाशी थांबवली. त्या जागेला फेलिक्स रोद्रिगेस दे ला फुएन्ते यांचे नाव दिले आहे. १९७० च्या दशकात त्यांनी या घळीत दूरचित्रवाणीसाठी वन्यजीवांचे चित्रण केले आणि १९८० मध्ये अलास्कात चित्रण करतानाच विमान अपघातात ते गेले. कठड्याला रेलून मी खाली पाहिले आणि माझ्या पायांखालून एक गिधाड गेले. अडीच मीटरचे पंख ताठ पसरलेले, एकदाही न हलवता. टोकाची पिसे बोटांसारखी फाकलेली. पाठ उन्हात भाजक्या विटेच्या रंगाची, पंखांच्या कडा काळ्या, आणि मानेभोवती पांढुरकी लोकर. त्याची सावली समोरच्या कड्यावरून सरकत गेली आणि एका कपारीत मोडली. मागून आणखी दोन आली.

लहानपणी गावाबाहेरच्या माळावर मेलेले ढोर टाकत, तिथे गिधाडे असत. खांदे पाडून बसलेली, किंवा मग आभाळात नुसते ठिपके. पुढे गुरांना टोचायच्या डायक्लोफिनॅकने ती संपत गेली. मेलेल्या जनावराच्या मांसातून औषध पोटात गेले की त्यांची मूत्रपिंडेच निकामी होत. २००६ मध्ये आपल्याकडे गुरांसाठी ते औषध बंद झाले, तोवर माळ रिकामे झाले होते. स्पेनने मात्र हे सगळे जगजाहीर झाल्यावर, २०१३ मध्ये, त्याच औषधाला गुरांसाठी परवानगी दिली. याला काय म्हणावे?

पण कठड्यापाशी मला यातले काही सुचले नाही, हे सगळे आत्ता लिहिताना आठवते आहे. तिथे मी एवढेच म्हणाले, "गिधाडाची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली." वाक्य तोंडातून गेल्यावर कळले की हीसुद्धा तुलनाच झाली, कारण पोट पाहिले होते म्हणून तर पाठ नवी. धाकटीच्या ते लक्षात आले की नाही, देव जाणे. तिने कॅमेरा खाली केला आणि आम्ही टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवेपर्यंत उभ्या राहिलो.

संध्याकाळच्या गाडीत तिने पिशवीतून दोन्सेलचे चित्र असलेले पोस्टकार्ड काढले. अंगठ्याने त्याच्या कोपरावरची धूळ पुसली, धूळ नव्हतीच. मग ते वाचत असलेल्या पुस्तकात खुणेला घातले आणि तसलेच दुसरे माझ्या मांडीवर ठेवले. "दोन घेतली," एवढेच म्हणाली. कधी घेतली, हे मी विचारले नाही. खिडकीबाहेर गव्हाची कापणी झालेला माळ लांबवर पसरला होता, मध्येच एखादे एकटे झाड, थेट बार्शीकडे असतो तसा. तेवढे मात्र मी मोठ्याने सांगून टाकले.