पळसाचा केशरी प्रिंटमध्ये उतरेना

फेब्रुवारी सरता सरता रामटेकच्या रोडला पळस असा काही फुलतो ना, की गाडी थांबवावीच लागते. त्यातला एक फोटो आईसाठी बारा बाय अठरा काढायला दिला आणि हातात आला तो पार विटकरी. आई म्हणे छान आहे की, पण मला काही चैन पडेना.

पहिली चूक माझीच निघाली. फाइल अ‍ॅडोबी आरजीबीत होती, १९९८ वाली, म्हणजे नेहमीच्या एसआरजीबीपेक्षा जास्त रंग मावणाऱ्या मोजपट्टीत, आणि सेव्ह करताना प्रोफाइल, म्हणजे आकडे कुठल्या मोजपट्टीतले हे सांगणारी चिठ्ठी, जोडायचंच राहिलं. प्रोफाइल नसलं की लॅबचं मशीन ते आकडे एसआरजीबीचे समजून वाचतं, आणि अ‍ॅडोबीत तोच केशरी कमी आकड्यांत बसतो, म्हणून सगळा रंग उतरला. राजेहो, अशा वेळी फोटोशॉपमध्ये कन्व्हर्ट टू प्रोफाइल करून फाइल एसआरजीबीत आणायची, असाइन प्रोफाइल नाही! असाइनने आकडे तसेच राहतात आणि दिसणं बदलतं, कन्व्हर्टने आकडे बदलतात आणि दिसणं शक्य तितकं टिकतं.

तरी कागदाला तेवढा भडक केशरी पेलत नाहीच. म्हणून लॅबकडून त्यांच्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे तो कागद कुठले रंग दाखवू शकतो याची फाइल, मागवलं, आणि छापल्यावर कसं दिसेल ते स्क्रीनवरच बघायला, म्हणजे प्रूफ बघायला, फोटोशॉपमध्ये प्रूफ सेटअप, कस्टम, तिथे ते टाकलं, सिम्युलेट पेपर कलर चालू केलं. चालू करताना नजर दुसरीकडे ठेवा, नाहीतर फोटो एकदम मेल्यासारखा वाटतो, डोळ्याला सवय व्हायला मिनिटभर लागतं. लाइटरूममध्ये डेव्हलपला एस दाबलं की प्रूफ चालू झालं. कागदाला न पेलणारे रंग कसे बसवायचे, म्हणजे रेंडरिंग इंटेंट, त्याचे दोन पर्याय मी पाहिले: रिलेटिव्हमध्ये कागदाच्या आवाक्याबाहेरचे सगळे केशरी काठावर येऊन चिकटले, पाकळी म्हणजे नुसता सपाट डाग, परसेप्चुअलने सगळेच रंग थोडे आत ओढले पण पाकळीवरच्या शिरा वाचल्या. अंबाझरी तलावावरच्या धुक्याच्या फोटोला मात्र मी रिलेटिव्हच ठेवतो, तिथे कागदाच्या आवाक्याबाहेर जाणारा रंगच नसतो.

मग प्रूफ चालू ठेवूनच एडिट केलं. केशरीचं सॅच्युरेशन थोडं कमी, ल्युमिनन्स जरा खाली, आणि मागचं आभाळ नि वाळलं गवत शांत केलं, तेव्हा कुठे फूल उठून आलं. मॉनिटर आधी डोळे दिपतील इतका लख्ख होता, तो कॅलिब्रेट करून १०० निटच्या (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) आसपास आणला, हे न करता प्रूफ बघण्यात काही अर्थ नाही.

नवा प्रिंट परवा आला. स्क्रीनइतका पेटलेला नाही, पण प्रूफमध्ये दिसला तसाच आहे, शिरांसकट. आईने जुना काढून तो लावायला घेतला.